बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं : पंडिता रमाबाई आणि आत्मिक प्रौढता

आजचा शास्त्रपाठ : इफिसकरांस पत्र ४:११-१६, इब्री लोकांस पत्र ५:११-१४



या आठवड्यात आपण इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय वाचतो आहोत. मंडळीतल्या प्रत्येकाने ख्रिस्ताच्या पूर्णतेच्या मापापर्यंत वाढावं, प्रत्येक वाऱ्याबरोबर हेलकावणाऱ्या बाळांसारखं राहू नये, असं पौल इथे सांगतो. इब्रीकरांस पत्राचा लेखक हेच जरा कडक शब्दांत म्हणतो. इतका काळ लोटला तरी तुम्हाला अजून दूधच लागतं, जड अन्न पचत नाही, अशी त्याची तक्रार आहे.

ही वचनं वाचली की एक प्रश्न हमखास पडतो. वाढ झाली की नाही, हे ओळखायचं कसं? माझ्या कामात प्रत्येक गोष्टीला आकडा असतो. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली की तिला क्रमांक मिळतो, आधीच्या आवृत्तीत काय बिघडलं होतं आणि आता काय सुधारलं, याची यादी निघते. विश्वासाच्या जीवनात अशी यादी कुणी हातात देत नाही. बाप्तिस्म्याची तारीख मंडळीच्या नोंदवहीत असते, दृढीकरणाची असते, पण त्यानंतर पुढे काय झालं हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं. आपल्यापैकी कितीतरी जण वर्षानुवर्षं उपासनेला जातात, दशांश देतात, वचनं पाठ म्हणतात आणि तरी मनात कुठेतरी वाटत राहतं की आपण आहोत तिथेच आहोत.

म्हणून आज व्याख्या शोधत बसण्यापेक्षा एक आयुष्य पाहू या. पंडिता रमाबाईंचं नाव आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. समाजसुधारक, विधवांसाठी काम करणाऱ्या, संस्कृतच्या पंडिता. पण विश्वासात एखादी व्यक्ती कशी हळूहळू, टप्प्याटप्प्याने मोठी होते, हे त्यांच्या आयुष्यात जितकं स्पष्ट दिसतं तितकं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे. त्यांच्या हातात पवित्र शास्त्र पाच वेळा आलं, पाच वेगवेगळ्या भाषांच्या वाटेने. त्या पाच वेळांच्या आधारानेच आज त्यांची गोष्ट सांगतो.

पहिली वेळ : संस्कृत

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण, मोठे संस्कृत विद्वान. बाईमाणसाला देववाणी शिकवायची नाही असा तो काळ, पण अनंतशास्त्र्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. पुढे आईने रमेला शिकवलं. तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हे कुटुंब गावोगाव फिरायचं. मुलगी वयात येण्याआधीच भागवताचे हजारो श्लोक तिला तोंडपाठ झाले होते.

मग १८७० नंतरच्या दशकातला दक्षिणेतला भीषण दुष्काळ आला. होतं नव्हतं ते दानधर्मात आणि यात्रांत संपलेलं. काही महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. उरले रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. ही दोन भावंडं हजारो मैल पायी भटकली. भूक, थंडी, पायाखाली काटे आणि मनात एक न सुटणारा प्रश्न: शास्त्रात सांगितलेलं सगळं केलं, उपास केले, तीर्थं केली, मग देव कुठे आहे?

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली, तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. रातोरात नाव झालं. याच कलकत्त्यात त्यांना ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याला बोलावणं आलं. प्रार्थनेच्या वेळी मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकायला लागली तेव्हा रमाबाईंना वाटलं, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात की काय! त्या मेळाव्यात त्यांना पवित्र शास्त्राची संस्कृत प्रत भेट मिळाली. त्यांनी ती उत्सुकतेने उघडली आणि थोड्याच वेळात बाजूला ठेवली. शब्द संस्कृत होते, पण आतलं जग परकं होतं. हे वाचण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही असं त्यांना वाटलं.

इथे मी थोडा थांबतो. त्या काळी सगळ्या हिंदुस्थानात संस्कृत ग्रंथ वाचायला त्यांच्याहून लायक बाई सापडली नसती. तरी त्या शास्त्रातलं त्यांच्या हाती काही लागलं नाही. भाषा येणं आणि वचन ऐकू येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्यातल्या ज्यांना शास्त्राचे अध्याय आणि ओव्या घडाघडा सांगता येतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसरी वेळ : बंगाली

१८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी, लग्न नोंदणी पद्धतीचं. दोन्हीकडच्या लोकांनी बोल लावले. संसार आसामातल्या सिल्चरला. तिथे नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक छोटी बंगाली पुस्तिका सापडली. ती कशी आली हे त्यांना कधीच कळलं नाही. यावेळी त्यांनी ती बाजूला ठेवली नाही. एक मिशनरी घरी यायचे, उत्पत्तीच्या पुस्तकातली सृष्टीची गोष्ट समजावून सांगायचे. रमाबाईंना ती आवडायला लागली. ख्रिस्ती होण्याचा विचार त्यांनी बोलून दाखवला तेव्हा बिपिनबाबू रागावले. चर्चा तिथेच थांबली.

१८८१ मध्ये मनोरमा झाली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबाबू गेले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर वर्षाचीही नसलेली मुलगी. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, सगळे गेलेले.

तिसरी वेळ : मराठी आणि मग इंग्लंड

रमाबाई पुण्याला आल्या. इथे त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं, हंटर आयोगापुढे बायकांच्या शिक्षणाबद्दल आणि बायकांना बाई डॉक्टर मिळण्याबद्दल साक्ष दिली. मिस हर्फर्ड नावाच्या मिशनरी बाई त्यांना इंग्रजी शिकवायला यायच्या आणि त्यांच्याबरोबर मराठी नवा करार वाचायच्या. नीळकंठशास्त्री म्हणजे फादर नेहेम्या गोऱ्हे हे काशीचे पंडित, स्वतः ख्रिस्ती झालेले. त्यांच्याशीही रमाबाईंचा वाद-संवाद व्हायचा. घरच्या भाषेतून शास्त्र वाचायची ही पहिली संधी. पण मनाची गाठ अजून सुटलेली नव्हती.

१८८३ मध्ये डॉक्टरकी शिकायला म्हणून त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या सिस्टरांच्या आश्रमात राहिल्या. ऐकायला कमी येऊ लागल्यामुळे डॉक्टर होण्याचं स्वप्न सोडावं लागलं. याच काळात त्यांना फुलहॅमला नेण्यात आलं. समाजाने टाकून दिलेल्या बायकांची तिथे सिस्टर सेवा करत होत्या. रमाबाईंनी विचारलं, तुम्ही यांच्यासाठी हे सगळं का करता? उत्तरात त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट ऐकायला मिळाली. विहिरीवर एकट्या आलेल्या, गावाने नावं ठेवलेल्या बाईशी येशू बोलतो, तिच्याकडे पाणी मागतो आणि तिलाच जिवंत पाणी देऊ करतो. रमाबाईंनी अनेक शास्त्रं वाचली होती, पण पतित म्हटलेल्या बाईला असं वागवणारा कुणी त्यांना भेटला नव्हता. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी आणि लहानग्या मनोरमेने वाँटेजला बाप्तिस्मा घेतला.

साधारण साक्षीच्या कार्यक्रमात गोष्ट इथे संपते. अंधार होता, उजेड आला, हालेलुया. पण रमाबाईंची खरी गोष्ट इथे निम्मीही झालेली नाही.

प्रश्नांची वर्षं

बाप्तिस्म्यानंतर त्यांचे प्रश्न थांबले नाहीत, वाढले. त्रैक्य म्हणजे नेमकं काय? बिशप सांगतील ते मी का मानावं? शास्त्रात असेल तर दाखवा. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन त्यांच्या धर्मजीवनाच्या जणू आईच होत्या, पण दोघींच्या पत्रव्यवहारात कधीकधी ठिणग्या उडायच्या. काहींना त्या हट्टी आणि गर्विष्ठ वाटल्या. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत आणि संस्कृत शिकवत होत्या. तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील यांनी मात्र त्यांचे प्रश्न धुडकावले नाहीत. सविस्तर पत्रं लिहून, धीराने, एकेका मुद्द्यावर त्या बोलत राहिल्या.

पौलाचं वाऱ्याबरोबर हेलकावण्याचं वचन मला इथे वेगळं दिसू लागतं. हेलकावणं आणि विचारणं एक नाही. हेलकावणारा माणूस उत्तराची वाट पाहत नाही, पुढचा वारा आला की तिकडे वळतो. रमाबाई एकाच प्रश्नाला वर्षानुवर्षं धरून राहायच्या, उत्तर मिळेपर्यंत शास्त्र चाळायच्या. आपल्या तरुण संघात एखादा मुलगा किंवा मुलगी असं विचारायला लागली की आपण पटकन म्हणतो, विश्वास कमी आहे. त्यापेक्षा मिस बीलसारखं बसून उत्तर देणारं कुणी मंडळीत असेल तर किती बरं होईल. प्रेमाने सत्य बोलत वाढावं असं पौल याच अध्यायात सांगतो. त्यात बोलणाऱ्याचा धीरही येतो.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन वर्षांहून जास्त काळ अमेरिकेत राहिल्या. बालशिक्षणाची पद्धत शिकल्या, शेकडो मैल फिरून भाषणं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला त्यांच्या कामासाठी एक संघ स्थापन झाला आणि त्याने दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्याला हललं.

बाहेरून बघितलं तर आता काहीच कमी नव्हतं. नाव होतं, संस्था होती, पैसा होता, देश-परदेशात ओळख होती, ख्रिस्ती सेवा चालू होती. आणि तरीही त्यांच्या आत शांती नव्हती.

१८९१ : धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा होता

१८९१ च्या सुमारास त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम यांचं आत्मवृत्त आलं. हॅस्लम हे इंग्लंडात कॉर्नवॉलमधले धर्मगुरू. वर्षानुवर्षं चर्चमध्ये उपदेश करत होते आणि एके दिवशी आपल्याच व्यासपीठावर, आपलाच उपदेश देता देता, त्यांचं हृदयपरिवर्तन झालं. एका पाळकाला त्याच्याच चर्चमध्ये तारण मिळतं, ही गोष्ट रमाबाईंच्या मनाला लागली. त्यांनी स्वतःकडे बघितलं. त्यांच्या लक्षात आलं की आठ वर्षांपूर्वी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, तो त्यांना पटलाही होता, पण त्या धर्माचा जो प्राण, तो स्वतः ख्रिस्त, त्यांना अजून भेटायचा होता. आपण काहीतरी करून, काहीतरी समजून, काहीतरी होऊन मग देवापुढे उभं राहायचं, असं त्यांच्या मनात इतकी वर्षं चाललं होतं. आता त्यांनी आहे तशीच स्वतःला त्याच्या हवाली केलं. तारण ही भेट आहे आणि ती आज, याच जन्मात, आपल्यासाठी आहे, हे त्यांना उमगलं. त्या आनंदाबद्दल त्यांनी पुढे आपल्या साक्षीत सविस्तर लिहिलं आहे.

हे आठ वर्षांचं अंतर मला फार मोलाचं वाटतं. ही वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही. फुलहॅमच्या त्या बायका, मिस बीलची पत्रं, अमेरिकेतला प्रवास, शारदा सदनातल्या मुली, यांतून देव त्यांना तयारच करत होता. पण बाप्तिस्मा घेतला म्हणजे पोचलो, असं समजणाऱ्यांसाठी यात इशारा आहे. आणि इतकी वर्षं झाली तरी माझ्यात काही बदलत नाही असं म्हणून निराश होणाऱ्यांसाठी दिलासाही आहे. ज्याने काम सुरू केलं तो ते पुरं करतो, असं पौल फिलिप्पैकरांस लिहितो (१:६). त्याला आठ वर्षं लागली तरी तो कंटाळत नाही.

परीक्षा : सगळे सोडून गेले तेव्हा

नव्या आनंदानंतर दोनच वर्षांत वादळ आलं. शारदा सदनात धर्माची सक्ती नव्हती, मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. रमाबाई आपली प्रार्थना आपल्या खोलीत करायच्या, फक्त दार लावून घेत नसत. काही मुली आपणहून येऊन बसायला लागल्या. बातमी फुटली. केसरीने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. वीसहून जास्त मुलींना पालकांनी काढून नेलं.

त्या सुधारकांची बाजूही होती, त्यांना लोकांना उत्तर द्यायचं होतं, हे खरं. पण रमाबाईंसाठी ही माणसं म्हणजे आधार होता. दार लावून घेतलं असतं तर कदाचित सगळं निभावलं असतं. त्यांनी ते लावलं नाही. सक्ती करायची नाही आणि लपवायचंही नाही, एवढी साधी त्यांची भूमिका होती. १८८३ मधल्या रमाबाई वादात शास्त्रार्थ करून जिंकल्या असत्या. १८९३ मधल्या रमाबाई उरलेल्या मुलींना घेऊन काम करत राहिल्या. शास्त्र तेच, बाई तीच, दहा वर्षांत मुळं मात्र खोल गेली होती.

पंधराचा वर्ग

पुढची गोष्ट गणिताची आहे, त्यामुळे मला जरा जास्तच आवडते. लोणावळ्याच्या एका छावणी सभेला त्या आपल्या विश्वासात आलेल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या. तिथे त्यांनी देवाकडे मागणं केलं की या संख्येचा वर्ग होऊ दे. पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे दोनशे पंचवीस. त्या वेळी सदनात एवढ्या मुलीच नव्हत्या, जागाही नव्हती.

त्याच सुमारास, १८९६-९७ मध्ये, मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या ऐकून रमाबाईंना आपले आई-वडील आठवले, रानावनात खाल्लेली पानं आठवली. जावं असं वाटत होतं, पण गाठीशी पैसा नव्हता. शेवटी त्या गेल्या. छावण्यांमध्ये हाडांचे सापळे झालेल्या मुली, त्यांना फसवून नेणारे दलाल, हे सगळं बघितलं आणि तीनशेच्या आसपास मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता, नव्या मुलींना शहरात ठेवणं शक्य नव्हतं. आधीच केडगावला शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतलेली होती. मदतीची दहा वर्षं संपल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालेल, असा तेव्हाचा हिशेब. त्या माळरानावर मुलींची सोय झाली आणि मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

पुण्याहून दौंडकडे रेल्वेने जाताना केडगाव स्टेशन लागतं. गाडी फार थांबत नाही. पण ते नाव दिसलं की मी दरवेळी विचार करतो, या कोरड्या मुलखात दोन हजार माणसांच्या रोजच्या भाकरीची जबाबदारी एका बाईने घेतली होती आणि एवढ्या खर्चाला पुरेल असं ठरलेलं उत्पन्न नव्हतं. ब्रिस्टलमध्ये जॉर्ज म्युलर यांनी प्रार्थनेवर अनाथाश्रम चालवला हे रमाबाईंनी वाचलं होतं आणि तो धडा मनावर घेतला होता. विहिरी खणल्या, बाग लावली, विणकाम, तेलघाणी, छापखाना सुरू केला. अंध मुलींसाठी बार्तिमय सदन काढलं, त्यांना ब्रेल शिकवली. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन उभारलं. फुलहॅमला जे बघितलं होतं ते आता केडगावला उभं होतं.

जगात प्रौढ होणं म्हणजे कुणावर अवलंबून न राहणं. पहिला पगार, स्वतःचं घर, स्वतःचे निर्णय. विश्वासात ही वाट उलटी जाते. तेवीस वर्षांच्या रमाबाई आपल्या विद्वत्तेच्या आणि हिमतीच्या जोरावर उभ्या होत्या. चाळिशीतल्या रमाबाई उद्याच्या धान्यासाठी देवाकडे हात पसरत होत्या, आणि या वयात त्या कधी नव्हत्या इतक्या खंबीर होत्या. आज माझ्या मनाला सगळ्यात जास्त भिडलं ते हेच.

चौथी आणि पाचवी वेळ : हिब्रू आणि ग्रीक

१९०५ च्या जूनमध्ये मुक्ती सदनात मोठं आत्मिक जागरण झालं. शेकडो मुली प्रार्थनेत रडत, आनंद करत होत्या, लांबून लोक बघायला येत होते. असं काही घडलं की संस्थापकाने त्याच लाटेवर राहावं, सभा घेत फिरावं, असा मोह कुणालाही होईल. रमाबाई मात्र याच वर्षांमध्ये टेबलाशी बसून हिब्रू आणि ग्रीकचं व्याकरण शिकत होत्या. वय पन्नाशीकडे झुकलेलं, कान जवळजवळ गेलेले. त्यांना मूळ भाषांवरून शास्त्राचं मराठी भाषांतर करायचं होतं.

कशासाठी? मराठी शास्त्र तर होतंच. पण त्याची भाषा त्यांना जड वाटायची, संस्कृत शब्दांनी भरलेली. मुक्तीतल्या अडाणी, खेड्यातून आलेल्या बायकांना ती कळत नव्हती. म्हणून त्यांनी सोपे, बोलीतले शब्द निवडले. ज्या बाईला भागवत पाठ होतं, जिला कलकत्त्याने सरस्वती म्हटलं, तिने आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षं आपलं संस्कृत बाजूला ठेवून जात्यावर बसणाऱ्या बाईला कळेल असा शब्द शोधण्यात घालवली. टाईप जुळवायचं, छापायचं, बांधणी करायचं काम मुक्तीतल्याच मुलींनी केलं. कधीकाळी दुष्काळात मरायला टेकलेल्या मुलींच्या हातांनी ते शास्त्र छापलं गेलं.

कलकत्त्यात मिळालेलं संस्कृत शास्त्र त्यांनी बाजूला ठेवलं होतं ना, ते आठवा. वचन परक्या भाषेत बंद असलं की काय होतं, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. दुसऱ्या कुणा बाईवर ती वेळ येऊ नये यासाठी ही खटपट होती. इब्रीकरांच्या पत्रात म्हटलंय की इतक्या दिवसांत तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं. रमाबाई शिक्षक झाल्या, त्या अशा.

शेवटची वर्षं सोपी नव्हती. मनोरमा आईचा उजवा हात होती, पुढे काम तिनेच चालवायचं असं सगळे धरून होते. २४ जुलै १९२१ ला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ती गेली. ज्या आईने आपलं सगळं माहेर आणि नवरा तरुणपणीच गमावला होता, तिने आता एकुलती एक मुलगीही गमावली. रमाबाई स्वतः आजारी होत्या. तरी शास्त्राच्या छपाईची प्रुफं तपासायचं काम त्यांनी सोडलं नाही. ते हातावेगळं केलं आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ ला, त्यांनी डोळे मिटले. संपूर्ण छापलेलं शास्त्र बघायला त्या नव्हत्या, ते १९२४ मध्ये बाहेर पडलं.

त्या आठ-नऊ महिन्यांचा विचार करताना मला शब्द सुचत नाहीत. दुष्काळात आई-वडील गेले तेव्हा देव कुठे आहे असं विचारणारी मुलगी आणि लेक गेल्यावरही त्याच देवाच्या वचनातल्या चुका तपासत बसलेली आई, या दोघींमध्ये पंचेचाळीस वर्षांहून जास्त काळ आहे. या दरम्यान जे घडलं त्यालाच शास्त्र वाढ म्हणतं.

आज मनन करण्यासाठी

१. ख्रिस्ती धर्म मला पटला आहे. पण ख्रिस्त मला भेटला आहे का? प्रामाणिकपणे, फक्त देवापुढे याचं उत्तर द्या.

२. माझ्या मंडळीत, माझ्या घरात प्रश्न विचारणारं कुणी आहे का? या आठवड्यात त्यांच्यासाठी एक तास काढता येईल का?

३. देवाने मला जे शिकवलं, ते मी कुणाला सोप्या शब्दांत देऊ शकतो? सण्डे स्कूलचं एखादं मूल, घरकामाला येणाऱ्या मावशी, शेजारचे आजोबा. एका व्यक्तीचं नाव वहीत लिहा.

प्रार्थना

हे प्रभू येशू, आमची बाप्तिस्म्याची तारीख आम्हाला माहीत आहे, पण आमची वाढ फक्त तुलाच माहीत आहे. आम्ही जिथे अडकलो आहोत तिथे आम्हाला तसेच सोडू नकोस. आमच्या ज्ञानाचं, आमच्या नावाचं, आमच्या हिशेबाचं ओझं उतरव आणि आम्हाला आहोत तसे तुझ्या हातात येऊ दे. ज्यांची माणसं गेली आहेत त्यांना धीर दे. ज्यांना प्रश्न आहेत त्यांना प्रेमाने उत्तर देणारे सोबती दे. तू सुरू केलेलं काम तू पुरं करशील या भरवशावर आम्ही आजचा दिवस सुरू करतो. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.